पाठीमागच्या बोळातली चार इंची लाइन

आमच्या गल्लीत पावसाळा दोन वाटांनी यायचा. एक आभाळातून आणि दुसरा मोरीतून.

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून वालदेवी नदीच्या अंगाला उतरत गेलं की पूर्वी नुसते मळे होते, तिथे आमचे गुंठेवारीचे प्लॉट आहेत. आम्ही २००६ साली प्लॉट घेतला तेव्हा समोर द्राक्षांची बाग होती आणि रात्री कोल्हे ओरडायचे. दहा-बारा वर्षांत बाग गेली, कोल्हे गेले, २६ घरं उभी राहिली. यात नवल काहीच नाही. २००१च्या जनगणनेत नाशिक शहर १० लाख ७७ हजारांचं होतं, २०११च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांचं झालं. वाढलेली चार लाख माणसं कुठेतरी राहायला गेलीच असणार, त्यातली शंभर-सव्वाशे आमच्या गल्लीत आली. वीज आधीच होती, मग नळ आला, मग डांबर आलं. ड्रेनेज लाइन मात्र आली नाही.

घर बांधताना प्रत्येकाने आपापली सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा केला. गवंड्याने आठ फूट खोदलं, विटांचे तुकडे भरले, वर फरशी टाकली आणि म्हणाला, "वीस वर्षं याच्याकडे बघायचं काम नाही." त्याचा हिशेब जमिनीने चुकवला. आमच्याकडे वर तीन फूट काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पण एकदा भिजली की फुगून बसते आणि पाणी प्यायचं सोडून देते. पाषाण तर कधीच पीत नाही. म्हणजे आम्ही शोषखड्डा म्हणून जो केला तो होता हौद. जुलैत शेताचं पाणी जमिनीतून त्या हौदात उतरायचं, हौद टाकीत उलटायचा आणि टाकी संडासात. सकाळी बादली ओतली की पाणी खाली जायच्याऐवजी भांड्यात गरगर फिरून वर यायचं. पाहुणे येणार असले की आधी फोन करून सांगावं लागायचं, हे लिहायलाही अजून लाज वाटते.

मग मैल्याची गाडी. एका फेरीला १,८०० रुपये, पावसाळ्यात २,५००, तेही गाडीवाल्याने फोन उचलला तर. तो उपसून गेला की आठ दिवस सुखाचे. नवव्या दिवशी पुन्हा तेच, कारण तो उपसून नेत होता त्यात मैला थोडा आणि जमिनीतून झिरपलेलं पाणीच जास्त असायचं.

शहराची भुयारी गटार आमच्यापासून लांब होती असंही नाही. गल्लीच्या तोंडापासून दीडशे फुटांवर, विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्यावर, म्हणजे डीपी रोडवर, तिचं चेंबर. म्हणून आम्ही एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने गल्ली पावलांनी मोजली आणि पुठ्ठ्यावर आकडेमोड केली: गल्लीच्या मधोमध आठ इंची पाइप, ठरावीक अंतरावर माणूस उतरेल एवढं चेंबर, शेवटाला आठ-नऊ फूट खोली. बारा फुटी गल्लीत जेसीबी वळणार नाही म्हणून हातखोदाई, पाषाण लागला की ब्रेकर, वर नळाची लाइन मध्ये येते ती सरकवायची. आकडा ११ लाखांच्या वर गेला. सगळ्यांनी शांतपणे चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले.

मी गल्लीची भिशी चालवते. कोणाकडे पैसे आहेत, कोणाकडे नाहीत आणि कोणाकडे असूनही निघत नाहीत, हे मला इतरांपेक्षा जरा आधी कळतं. पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं ते त्यामुळेच.

मार्च २०१८मध्ये बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि प्रोजेक्टला विषय शोधत होता. आमच्या मोरीने त्याला तो दुसऱ्याच दिवशी दिला. चार दिवस लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, ब्राझीलमध्ये नाताळ नावाचं शहर आहे..."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच आहे, ते शहर २५ डिसेंबरला वसवलं म्हणून त्याचं नाव तसं, आणि आपला नाताळ हा शब्दही त्याच पोर्तुगीज भाषेतून आलेला. तर या नाताळ शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पाणीपुरवठा कंपनीच्या इंजिनिअरांपुढे आमचाच प्रश्न होता: दाट वस्ती, अरुंद रस्ते, पैसे कमी. त्यांनी रस्त्याच्या मधोमध खोल गटार टाकायचं सोडून दिलं. बारीक पाइप घेतला आणि घरांच्या परसातून, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, उथळ नेला. वरून गाडी जाणार नाही तिथे पाइप खोल पुरायचा कशाला, एवढाच त्यामागचा विचार. घरांचा एक पुंजका म्हणजे एक गिऱ्हाईक, आणि त्या पुंजक्याची एकच जोडणी शहराच्या गटाराला. पुढे १९९०च्या दशकात त्यांची राजधानी ब्राझिलियाने हीच पद्धत घेतली, नुसत्या झोपडपट्टीत नाही, बंगल्यांच्या भागातही.

मग गल्लीच्या बैठकीत त्याने कराचीच्या ओरंगी वस्तीचंही सांगितलं. तिथे १९८० साली अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं: गल्लीतल्या वीस-तीस घरांनी मिळून स्वतःच्या पैशाने गल्लीचं गटार टाकायचं, पुढची मोठी लाइन आणि शुद्धीकरण सरकारने बघायचं. मागून कोणीतरी म्हणालं, "आता पाकिस्तानचं शिकायचं का?" त्यावर कोपऱ्यावरचे अण्णा, जे एरवी कोणाचंच ऐकत नाहीत, वळून म्हणाले, "तुझ्या मोरीतून काल काय येऊ राहिलं होतं, ते देश विचारून आलं का?"

आमच्याकडे परसाऐवजी बोळ होता. घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून आहेत, एका ओळीत १३ घरं. प्रत्येकाने मागे अडीच फूट सोडलेलं, म्हणून मध्ये पाच फुटांची पट्टी. सगळ्यांचे संडास, मोऱ्या, भांडी घासायच्या जागा त्याच बाजूला. नळाची लाइन घरांच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पिण्याचं पाणी आणि घाण पाणी यांची गाठच पडणार नाही. बारा वर्षं आम्ही त्या बोळात मोडक्या खुर्च्या, सायकली आणि उरलेल्या फरश्या टाकत होतो आणि आमची लाइन तिथूनच जायची होती.

पहिलं भांडण ढाळावरून, म्हणजे पाइपाच्या उतारावरून. अण्णा सरकारी बांधकामावर मिस्त्री होते. त्यांचा नियम ठरलेला: चार इंची पाइपाला चाळीसात एक, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठात एक. बोळ ३२५ फुटांचा. चाळीसात एक म्हणजे शेवटाला पाइप आठ फूट खाली, म्हणजे फिरून त्या ठेकेदाराच्याच दारात. भाचा म्हणाला, दोनशेत एक पुरे. म्हणजे अख्ख्या बोळात जेमतेम वीस इंचांचा उतार. अण्णा उठून उभे राहिले. "वीस इंचांत पाणी जाईल, घाण जाईल का?"

त्याचं उत्तर मला समजायला तीन दिवस लागले, पण एकदा समजलं ते पक्कं. घाण सतत वाहत राहिली पाहिजे असं आपण धरून चालतो. गटाराच्या वरच्या टोकाला पाणी सतत नसतंच. कोणी बादली ओतली की एक लाट येते, घाण चार हात पुढे सरकते आणि बसते. पुढची लाट येते, तिला आणखी ढकलते. लाट अंगाने भरीव असली की पाइपाच्या तळाला घासून नेते. दोनशेत एकचा हिशेब त्या घासण्याच्या जोरावर मांडलेला आहे, सेकंदाला दीड लिटर पाणी धरून. दीड लिटर म्हणजे एक मोठी बादली दहा सेकंदांत ओतली तर जेवढं होईल तेवढं. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचे डंकन मारा यांनी या पद्धतीचा हिशेब बराच सोपा करून लिहिला आहे, भाच्याने तोच वापरला.

दुसरं भांडण त्यातूनच निघालं. अण्णा म्हणाले, ढाळ कमी तर पाइप तरी सहा इंची घ्या. सगळ्यांना पटलं, मलाही. मोठा पाइप कधी वाईट असतो का? असतो. तेवढंच पाणी रुंद पाइपात पसरतं, पातळ होतं आणि घाण तळाला उघडी पडते. मे महिन्यात नासर्डी नदीचं पात्र बघा म्हणजे कळेल: पात्र केवढं, धार केवढी, आणि गाळ कुठे साचलाय. आमची २६ घरं, माणसं साधारण १३०. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ऐंशी टक्के गटारात, असा सरकारी हिशेब धरला तरी दिवसाचे १४ हजार लिटर होतात. एवढ्याला चार इंची पाइप भरपूर झाला. अण्णा पटले म्हणणार नाही. "करून बघा" एवढं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी लेव्हलची नळी घेऊन हजर झाले.

लेव्हलची नळी म्हणजे पाणी भरलेला पारदर्शक पाइप. दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल तिथे भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. यंत्र एवढंच, पण पहिल्या दिवशीची सगळी मापं वाया गेली, कारण नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता आणि दोन इंचांची चूक पुढे पुढे वाढत गेली. वीस इंचांच्या धंद्यात दोन इंच म्हणजे फार. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. तेव्हा कळलं की सगळ्यांना रस्त्याकडे उतरता वाटणारा आमचा बोळ खरं तर ताटलीसारखा आहे. मधल्या घरांनी प्लॉटवर भराव कमी टाकला होता. सहा-सात नंबरची जमीन वरच्या टोकापेक्षा १६ इंचांनी खाली. वरच्या टोकाला पाइप १४ इंच पुरला तर मधल्या घरापाशी त्याच्या डोक्यावर माती उरणार फक्त ८ इंच. वरून वाहन जाणार नसेल तर तेवढी चालते, तरी आम्ही तिथे पाइपाभोवती काँक्रीट केलं.

अडचण मातीची नव्हती. सगळ्यात खालचं घर एका आजींचं, मुलगा रिक्षा चालवतो. आजी म्हणाल्या, "सगळ्या गल्लीचं माझ्याच मोरीत येईल." आम्ही दहा जणांनी दहा प्रकारे समजावलं: नाही येणार आजी, असं कसं येईल, इंजिनिअर आहे ना आपल्याकडे. आजी सही करेनात. आणि एका सहीवाचून सगळंच अडलं होतं, कारण पाइप त्यांच्या अडीच फुटांतून जायचा होता. रस्त्यावरच्या गटाराला कोणाची संमती लागत नाही. बोळातल्या गटाराला सव्वीस जणांची लागते. खोदाईत वाचवलेलं सगळं आम्ही बैठकांत फेडत होतो.

शेवटी भाचा एकटाच त्यांच्याकडे गेला. परत आला तो आजींची सही घेऊन. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "खरं ते. पुढे लाइन तुंबली तर पहिलं तुमच्याकडेच येईल म्हटलं." मग त्याने आजींना कागदावर काढून दाखवलं होतं: तुमच्या अंगणात, मोरीच्या तळापेक्षा नऊ इंच खाली, जाळीचं तोंड ठेवू. तुंबलं तर पाणी त्या जाळीतून अंगणात निघेल, घरात चढणार नाही, आणि अंगणात दिसलं की सगळ्यांनी धावायचं. मोरीचा कोबा सहा इंच वर घेऊ, त्याचा खर्च गल्लीचा. वर्गणी तुमची माफ. आजी मला म्हणाल्या, "पोरी, तुम्ही सगळे नाही नाही म्हणत होता तेव्हाच मला वाटलं काहीतरी लपवू राहिले."

बाकीच्या सह्यांत एक घरमालक पुण्याला, त्याचा भाडेकरू म्हणे मला अधिकार नाही. एकाने बोळावर पत्रा टाकून पाण्याची मोटर बसवलेली. एका वहिनींचा जाईचा वेल. वेल वाचवला, पाइप हातभर बाजूने नेला. पत्रावाल्याशी मी दोन महिने बोलत नव्हते, त्याने पत्रा काढल्यावर बोलू लागले.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवायचीही इच्छा नाही. एका कार्यालयात आम्ही अर्ज दिला, त्यात "बोळातून चार इंची गटार" असं लिहिलं होतं. चार इंची गटार नावाची वस्तू त्यांच्या दरसूचीत नव्हती, म्हणून ती जगातही नव्हती. सात खेपा झाल्या. एका टेबलावर वस्ती गुंठेवारीची आहे म्हणून, दुसऱ्यावर संस्था नोंदलेली नाही म्हणून. शेवटी तिथल्याच एका ज्येष्ठ माणसाने हळूच सांगितलं, "गटार लिहू नका हो. घरजोडणी लिहा." अर्ज बदलला: २६ घरांची एकत्र घरजोडणी, आतल्या लाइनची देखभाल रहिवाशांची, सोबत सगळ्यांच्या सह्यांचं हमीपत्र. काम तेच, पाइप तोच. बोळाच्या तोंडापासून डीपी रोडच्या चेंबरपर्यंतचे दीडशे फूट मात्र नियमाने झाले: सहा इंची पाइप, रस्ता फोडण्याची परवानगी, परवानाधारक प्लंबर. ते बरोबरच होतं, वरून ट्रक जातात.

वर्गणी घरटी १४,०००, आजी सोडून २५ घरं, साडेतीन लाख. ज्यांना एकदम जमणार नव्हतं त्यांच्यासाठी दोन भिश्या आधी उचलून दिल्या. २०१९च्या एप्रिलअखेरीस खोदायला सुरुवात केली आणि अकरा दिवसांत बोळातली लाइन पुरी झाली. बैठका चालल्या होत्या चौदा महिने.

त्या अकरा दिवसांतली दोन कामं सांगण्यासारखी. एक, चेंबरं. दर पंचवीस फुटांवर एक, समोरासमोरच्या दोन घरांना मिळून, अशी तेरा. आतून सोळा इंच लांब, सोळा इंच रुंद, बस्स. गवंड्याने पहिल्या दोन चेंबरांचा तळ गुळगुळीत सपाट केला, मोरीसारखा. अण्णांनी ते दोन्ही फोडायला लावले. तळात पाइपाच्या आकाराची अर्धगोल नाळ पाहिजे, दोन्ही बाजूंनी उतार देऊन, नाहीतर प्रत्येक चेंबर म्हणजे एक ताट, घाण तिथेच जेवायला बसणार. ढाळाबद्दल अण्णा चुकले असतील, पण हे त्यांच्याशिवाय आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं.

दुसरं, लिंबू. पाइप बुजवण्याआधी वरच्या चेंबरात लिंबू टाकायचं आणि मागून बादली ओतायची. मुलं प्रत्येक चेंबरावर ओणवी बसलेली, "आलं! आलं!" करत. लिंबू आठव्या चेंबरापर्यंत सुसाट आलं आणि नवव्यात आलंच नाही. आठ आणि नऊच्या मध्ये पाइप कापला तर सांध्याच्या आत सिमेंटचा गोळा चिकटलेला. वरून बुजवलं असतं तर वर्षभराने तिथेच तुंबलं असतं आणि दोष दोनशेत एकला गेला असता. सांधा बदलला, दुसरं लिंबू शेवटच्या चेंबरात तरंगत आलं. एका मावशींनी ते कोणाला हात लावू दिलं नाही, चौकात नेऊन टाकलं. गल्लीची नजर उतरली म्हणे.

मग जुन्या टाक्या. इथे थोडा वाद झाला. टाक्या ठेवून फक्त वरचं निवळलेलं पाणी लाइनीत सोडायचं, अशीही पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात आणि झांबियात १९६०च्या दशकापासून. त्यात पाइपातून घट्ट काही जातच नाही म्हणून ढाळाची फिकीर आणखी कमी. पण मग टाक्या ठरल्या वेळी उपसत राहायला पाहिजेत. आपल्या जवळ सिन्नरला नगरपरिषदेने तीन वर्षांची पाळी लावून अख्ख्या गावाच्या टाक्या उपसायची व्यवस्था केली, तशी असेल तर टाकी ठेवण्यात काहीच गैर नाही. आमची उपसायची व्यवस्था म्हणजे तो फोन न उचलणारा गाडीवाला. म्हणून तेवीस घरांनी टाक्या बंद केल्या, तिघांनी ठेवल्या.

बंद करायच्या म्हणजे आधी पूर्ण उपसायच्या, तळाला भोक पाडायचं, मुरूम भरायचा. एका घरी बिगारी तळाचा गाळ काढायला आत उतरायला निघाला होता. गाडीवाल्यानेच त्याचा दंड धरला. अशा टाकीतल्या वायूचा वास आधी कुजक्या अंड्यासारखा येतो, आणि जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं आता ठीक आहे. माणसाला असं उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, हे गाडीवाल्याला आमच्यापेक्षा नीट माहीत होतं. गाळात पाणी मारून तो पातळ केला आणि पाइपाने ओढला, दोन तास जास्त लागले. तेव्हा तो आमचं सोळा इंची चेंबर बघत म्हणाला, "ताई, हे बेस्ट केलं. यात माझं डोकं पण जात नाही." माझी १,८०० रुपयांची तक्रार त्या दिवसापासून मी बंद केली.

४ ऑगस्ट २०१९ला रविवार होता. गोदावरीला मोठा पूर, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात गेल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. सकाळी नऊला आजींचा मुलगा दारात, अंगाने भिजलेला: "काकू, जाळीतून येऊ राहिलंय."

धावलो. जाळीतून पाणी उसळत होतं, अंगणात घोटाभर. मोरी कोरडी होती. आम्ही आधी म्हणालो मुख्य लाइनच भरली असेल, पुराला कोण काय करणार. डीपी रोडचं झाकण उघडलं तर तिथे पाणी बरंच खाली, नीट वाहत होतं. म्हणजे पाणी आमच्यातच कुठूनतरी जास्त येत होतं, आणि ते स्वच्छ होतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "गच्च्या बघा."

गच्चीचा हिशेब त्याने आधीच सांगितला होता, आम्ही मान डोलावली होती. आमची गच्ची साधारण ७० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेतीन हजार लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास एक लिटर, एका गच्चीचं. आमचा पाइप काठोकाठ भरून चार लिटरच्या आसपास नेतो. चार गच्च्या जोडल्या की लाइन संपली, मग सव्वीस घरांनी संडासला जायचं कुठे?

पाऊस उघडल्यावर तपास केला. गणपती महिन्यावर आले होते, गुलाल घरात होताच. एकेका गच्चीवर गुलालाचं पाणी ओतायचं आणि खाली चेंबरात बघत बसायचं. तीन घरांचं लाल आलं. पत्रावाल्याचं, त्याच्या शेजारचं आणि आमचं. प्लंबरने मेमध्ये जाताजाता गच्चीचा पाइप जवळच्या चेंबरात सोडून दिला होता, ह्यांनी बघितलं होतं आणि "व्यवस्थित झालं" असं वाटून मला सांगायचंही सुचलं नव्हतं. मी भिशीच्या बायकांसमोर उभी, हातात गुलालाची पिशवी. आजींचं अंगण मी आणि पत्रावाल्याची बायको, आम्ही दोघींनी घासून काढलं. तिन्ही पाइप त्याच आठवड्यात गल्लीच्या उघड्या गटारात वळवले. तेव्हापासून एखाद्या पावसाळ्यात जाळीपाशी ओल दिसते, पण पाणी उसळलेलं नाही.

तुंबतं कुठे म्हणाल तर खाली नाही, वरच्या टोकाला. पहिल्या घरात दोघंच, निवृत्त नवरा-बायको, पाणी जपून वापरणारी. त्यांच्या बादलीला मागून ढकलणारं कोणी नाही. दोन वेळा अडलं, बांबूच्या कामटीने दहा मिनिटांत निघालं. मग तिथे दोनशे लिटरचा ड्रम ठेवला, रविवारी सकाळी भरून एकदम ओतायचा. पाळी लावलेली आहे. दुसरी कटकट स्वयंपाकघराच्या तेलाची, दिवाळीनंतर हमखास. भांडी घासायच्या जागेला जाळी आणि छोटा डबा बसवला आहे, तो महिन्याला काढून धुवायचा असतो. निम्मी घरं धुतात. निम्म्या घरांना मी भिशीच्या दिवशी आठवण करते.

अण्णा आता बरेच थकलेत. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतले लोक आले होते, त्यांनाही असंच करायचं आहे. त्यांच्याकडे मागचा बोळ नाही, कंपाउंडला कंपाउंड लागलेलं, म्हणजे पुढून, पायरीच्या कडेने न्यावी लागेल आणि नळाची लाइन आडवी येईल. पाइप किती इंची, ढाळ किती, खर्च किती, असं सगळं विचारून झालं. अण्णांनी उत्तर न देता त्यांनाच विचारलं, "सगळ्यात खालचं घर कोणाचं आहे?" ते एकमेकांकडे बघायला लागले. अण्णांनी आत जाऊन लेव्हलची नळी आणली आणि त्यांच्या हातात दिली. बुडबुडा बघा, एवढंच म्हणाले. नळी अजून परत आलेली नाही.